पहाटे तीनची वाशी आणि डिझेलची वही

रविवार, संध्याकाळ

आमच्या घरचा धंदा भाजी पोहोचवण्याचा. काळाचौकीतून दोन पिकअप निघतात, वाशीच्या बाजारात माल भरतात आणि हॉटेलं, खानावळी, दोन-तीन कँटीन यांच्या दारात उतरवतात. गाड्यांचं सगळं माझे दीर बघतात, मी घरी बसून हिशेब लिहिते. त्यामुळे डिझेल मला फक्त पावतीवर भेटतं.

भांडण जुनंच. नवी गाडी माझा भाचा चालवतो आणि भेटेल त्याला सांगतो, 'पंधरा देते.' जुनी गाडी ज्यांच्या हातात आहे त्यांना सगळे काका म्हणतात. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. त्यांचं उत्तर ठरलेलं: 'अकरा-साडेअकरा असंल.' यावरून भावजींनी मनात घेतलं की जुनी काढायची आणि हप्त्यावर दुसरी नवी घ्यायची. माझ्या वहीतले डिझेलचे आकडे मात्र या गोष्टीला दुजोरा देईनात. नवी गाडी जास्त फिरते हे कबूल, पण पंधरा आणि अकरा एवढं अंतर पावत्यांतून निघतच नव्हतं.

गटारीचा आठवडा तोंडावर होता. या दिवसांत लोकांचं लक्ष भाजीवर नसतं, मागणी उतरते, गाड्या थोड्या निवांत असतात. मी म्हटलं, "भावजी, मी आठवडाभर गाडीत बसते. वही घेऊन."

"वहिनी, पहाटे तीनला निघतात गाड्या."

"मग अडीचला उठते."

आमच्याकडे डिझेल भरायची पद्धत अशी: काटा खाली आला की 'हजाराचं टाक'. या पद्धतीने कुणालाही ॲव्हरेज काढता येणार नाही, कारण आधी टाकीत किती होतं हेच माहीत नसतं. काट्यावर भरवसा नाही. चढावर उभी असेल तर अर्धी टाकी पाऊण दाखवते. खरं मोजायचं तर एकच साधी रीत आहे. टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहायचे, फिरायचं, पुन्हा फुल्ल करायची. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढेच जळले.

पण 'फुल्ल' म्हणजे किती यावर पंपावरच वाद झाला. नोझल खटकन बंद झालं तरी पंपावरचा पोरगा आकडा गोल करण्यासाठी हळूहळू दाबत राहतो. डिझेलला फेस येतो. फेस बसला की आणखी लिटरभर सहज मावतं. आज पहिल्या कटवर थांबलो आणि बुधवारी दोनदा दाबलं, तर तो लिटर हिशेबात घुसतो. आठ लिटर भरणाऱ्याची चूक त्यामुळे बारा टक्क्यांची होते, चाळीस लिटर भरणाऱ्याची अडीच टक्क्यांची. म्हणून मी नियम केला: तोच पंप, तेच नोझल, गाडी त्याच फरशीवर त्याच दिशेला तोंड करून, पहिला कट झाला की हात काढायचा. पैशाचे आकडे कितीही वेडेवाकडे येवोत. गोल आकड्याला माप मारतात असं मानून 'शंभरचं नको, एकशेदहाचं टाका' म्हणणाऱ्यांचा देवही मी त्या दिवशी विसर्जित केला.

पंपावर पाच लिटरचं शासकीय शिक्क्याचं माप असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर ते मोजून दाखवावं लागतं. मी मागितलं. पोराने आधी माझ्याकडे, मग काकांकडे पाहिलं, मग माप आणलं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची चूक चालते. आमचं डिझेल रेघेच्या केसभरच खाली होतं. म्हणजे पंपावर बिल फाडायचा मार्ग बंद झाला. त्या दिवशी दर होता ९० रुपये आणि वर काही पैसे.

काकांनी मधेच सांगितलं की पूर्वी ते हद्दीबाहेर जाऊन भरायचे. खरं आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या हद्दीत डिझेलवर २४ टक्के कर होता आणि बाहेर २१. २०२४ साली इथलाही २१ झाला, तेव्हापासून तो फेरा वाचला. त्या फेऱ्यात किती डिझेल जळायचं हे कुणी मोजलं नव्हतं.

सोमवार

पहाटेचे तीन. लालबागचा उड्डाणपूल रिकामा, परळ रिकामं, दादर टीटीला एक पोलीस आणि दोन कुत्री. जुन्या गाडीच्या केबिनमध्ये उदबत्ती आणि डिझेल असा मिळून एक वास आहे, तो तासाभराने कळेनासा होतो. काका पन्नासच्या वर जात नाहीत. गिअर लवकर टाकतात, ब्रेक जवळपास वापरतच नाहीत; शीवचा सिग्नल लाल दिसला की अर्धा फर्लांग आधीच पाय काढतात आणि पोहोचेपर्यंत तो हिरवा होतो. मला वाटलं योगायोग. चेंबूर, देवनार, मानखुर्द, सगळीकडे तोच योगायोग.

एकच खोड: वाशीच्या खाडीपुलाचा उतार लागला की न्यूट्रल. "फुकट जाते," म्हणाले. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांच्या काळातली ही सवय. आता इंजिनात डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरवर कॉम्प्युटर आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतः जिवंत राहायला डिझेल लागतं, शिवाय ब्रेकवर सगळा भार. काकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि परतीच्या उतारावर पुन्हा न्यूट्रल टाकला.

बाजाराच्या फाटकाशी ट्रिप मीटर २५.१. लिहिलं.

भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याहून इकडे आला तेव्हा माझ्या सासूबाईंनी म्हणे आठवडाभर जेवणात मन घातलं नव्हतं. आता भाजी समुद्रापलीकडून येणार असं त्यांना वाटलं. इथे मी पहिल्यांदाच आले. नाशिकची मेथी-कोथिंबीर, साताऱ्याकडचं आलं, दोडकी, भेंडी, आणि या सगळ्यांमधून हातगाड्या ढकलत 'ओ बाजू' ओरडणारे माथाडी. आमच्या गाळ्यावर लोड व्हायला पन्नास मिनिटं लागली. त्यातला अर्धा वेळ गाडी रांगेत, इंजिन चालू. एवढ्या इंजिनाला नुसतं धडधडत राहायला तासाला अर्धा ते एक लिटर लागतं आणि त्या वेळात किलोमीटर शून्य. ॲव्हरेज खाणारा पहिला चोर मला फाटकावरच सापडला. काकांना म्हटलं, बंद करा. "पुढची हलली की मागचा हॉर्न मारतो, वहिनी." हेही खरं.

निघताना वजनकाट्यावर चढवली. भरलेली २,८७० किलो. रिकामीचं वजन १,७२०. म्हणजे ११५० किलो भाजी. पावसातली पालेभाजी पाणी पिऊन येते, त्यातले काही किलो पाणीच असणार. पण इंजिनाला काय, ओढायचंच.

परतीला सात वाजले आणि शहर जागं झालं होतं. चेंबूर, माटुंगा, दादर, मग खाली गिरगाव. गिरगावातल्या एका गल्लीत शंभर मीटर जायला अकरा मिनिटं लागली. घरी आले तेव्हा साडेअकरा, ट्रिप ६६, आणि माझी कंबर कुठे आहे ते कळत होतं.

मंगळवार

आज भाच्याबरोबर. याची फेरी वेगळी: बाजार, ऐरोली, मुलुंड, ठाणे, भांडुप आणि पूर्व द्रुतगती मार्गाने परत. माल ६४० किलो. रस्ता रुंद, थांबे कमी.

त्याच्या गाडीत काचेखाली पडदा आहे आणि त्यावर ॲव्हरेजचा आकडा सारखा हलत असतो. पोराचं अर्धं लक्ष रस्त्यावर, अर्धं त्या आकड्यावर. पहाटे रिकाम्या गाडीने खाडीपूल ओलांडताना तो १५.२ झाला. "बघ मावशी!" पाहिला. बाजारातून भरून निघालो तेव्हा १३.९. ठाण्यात १३.४. "हे ट्रॅफिकमुळे गं." त्याने जगाला सांगितलेला 'पंधरा' हा पहाटे साडेतीनचा, रिकाम्या हौद्याचा, वारा पाठीवर असतानाचा आकडा होता. लग्नाच्या पत्रिकेवर मुलाचा दहावीतला फोटो छापावा तसं.

तो पडदा डिझेल मोजत नाही हेही त्याला सांगावं लागलं. इंजेक्टर किती वेळ उघडले यावरून तो अंदाज करतो आणि किलोमीटर चाकाच्या फेऱ्यांवरून घेतो. दोन्हीकडे थोडं थोडं चुकलं की आकडा गोड होतो. पंपाच्या पावतीला ती सोय नसते.

भांडुपला चहा घेताना त्याने मोबाइलवर एका अमेरिकन पिकअपचा आकडा दाखवला, गॅलनला २५ मैल. "आपल्यापेक्षा भारी ना?" अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. हिशेब केला तर लिटरला १०.६ किलोमीटर. इंग्रजांचा गॅलन मोठा, ४.५४६ लिटरचा, तो धरला असता तर ८.९ आले असते. त्यात ती गाडी आमच्या दीडपट वजनाची. पोरगा गप्प झाला, पण चहाचे पैसे त्यानेच दिले.

मग त्याने आपलं खास गणित काढलं. "जाताना सोळा दिलं, येताना आठ दिलं, तर बारा." असं होत नाही. २६ किलोमीटर सोळाच्या दराने जायला १.६२ लिटर लागतात, तेवढंच अंतर आठच्या दराने यायला ३.२५. बावन्न किलोमीटरला पावणेपाचच्या वर, म्हणजे लिटरला साधारण १०.७. ॲव्हरेजांचं ॲव्हरेज काढायचं नाही. सगळे किलोमीटर एकीकडे, सगळे लिटर एकीकडे, मग एकदाच भागायचं. वाईट दराच्या रस्त्यावर डिझेल जास्त जळतं म्हणून त्याचा भारही जास्त. हे मी त्याला टिश्यू पेपरवर करून दाखवलं, तो त्याने खिशात ठेवला. हात पुसायला बहुतेक.

एक बारीकशी गोष्ट त्या दिवशी लिहून ठेवली आणि विसरले: काळाचौकी ते बाजाराचं फाटक, याच्या ट्रिप मीटरवर २६.४. काल काकांच्यावर २५.१ होतं. वाटलं, काकांनी शॉर्टकट मारला असेल.

बुधवार

पाऊस. पुन्हा काकांबरोबर. येताना हिंदमाताला गुडघाभर पाणी. गाड्या एकामागे एक उभ्या आणि आम्ही चाळीस मिनिटं त्याच दुकानाच्या पाटीसमोर. काकांनी इथे मात्र स्वतःहून इंजिन बंद केलं आणि डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी. मला अर्धी दिली. वायपरचा आवाज नाही, इंजिनाचा नाही, ताडपत्रीवर पडणाऱ्या पावसाचाच काय तो. पाणी उतरेपर्यंत ते बोलत होते: गिरणीत बदली कामगार होते, संपानंतर आधी टॅक्सी, मग टेम्पो, मग आमच्याकडे. "तेव्हा ॲव्हरेज कोण विचारायचं," म्हणाले. "संध्याकाळी हातात किती उरलं तेवढंच."

संध्याकाळी दोन्ही गाड्या पंपावर. त्याच फरशीवर, पहिल्या कटला हात काढून. जुनी: तीन दिवसांत १९८ किलोमीटर, २०.४० लिटर, म्हणजे ९.७. नवी: २९१ किलोमीटर, २२.३० लिटर, म्हणजे १३.०. पडदा तेव्हा १४.१ म्हणत होता.

भाचा उडालाच. काका पावतीकडे बघत राहिले. "आज पाणी होतं," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, थांबा. एक गाडी गिरगावच्या गल्ल्यांत साडेअकराशे किलो घेऊन जाते आणि दुसरी ठाण्याच्या हायवेवर साडेसहाशे. तुलना गाड्यांची झाली की रस्त्यांची? उद्यापासून फेऱ्या बदला. माल फेरीबरोबर राहील, गाडी आणि ड्रायव्हर बदलतील.

खरं तर दोघांनी आपसांत गाड्याही बदलायला हव्या होत्या. काकांनी चावी मुठीत धरली. "गाडी देईन, वहिनी. पण मीच चालवणार." मग देणार काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गुरुवार

दीप अमावास्या. निघण्याआधी घरातले दिवे घासून पाटावर मांडले, कणकेचे गोड दिवे करायचं काम जावेवर टाकलं आणि भाच्याच्या केबिनमध्ये चढले. आज त्याची गाडी गिरगावात.

पहिल्या गल्लीतच त्याचा पडदा ११ वर आला. भुलेश्वरच्या बाजूला १०.४. तिथे एका हातगाडीवाल्याने त्याला मागे घ्यायला लावलं, मग पुढे, मग परत मागे. हाफ क्लचवर पाच मिनिटं. पोराचा चेहरा मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. "काका रोज इथे येतात?" त्याने विचारलं. रोज, गेली सात वर्षं.

कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा आणि आपला आकडा का जुळत नाही, हे मला गिरगावातच नीट कळलं. तो आकडा रस्त्यावर काढलेला नसतो. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाने चालवतात, ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांच्या आतलं काम. प्रत्येक गाडीला तोच वेग, तेच थांबे. म्हणून दोन गाड्या आपसांत ताडून बघायला तो आकडा उपयोगी आहे. पण त्या वीस मिनिटांत हातगाडीवाला येत नाही.

शुक्रवार

श्रावण लागला. बाजारात एकदम गर्दी, अळूच्या जुड्या, केळीची पानं. काकांबरोबर ठाण्याला गेले. ऐरोलीनंतर रस्ता मोकळा झाला तसे काका पहिल्यांदा साठवर गेले आणि स्वतःशीच हसले. बाकी लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मुलुंडला झोप लागली. जागी झाले तेव्हा डोकं दाराच्या काचेवर आणि मांडीवर काकांचा पंचा, पाऊस आत येऊ नये म्हणून.

शनिवार

संध्याकाळी पंप. जुनी, ठाण्याची फेरी: २७७ किलोमीटर, २४.१० लिटर, ११.५. नवी, गिरगावची फेरी: २०८ किलोमीटर, १९.२० लिटर, १०.८.

म्हणजे तीच नवी गाडी, तोच पोरगा, रस्ता बदलल्यावर तेरावरून पावणेअकरावर. 'पंधरा' तर कुठल्या कुठे. पण एकाच फेरीवर दोन्ही गाड्या लावल्या तरी नवी पुढे होतीच: गिरगावात ९.७ विरुद्ध १०.८, ठाण्यात ११.५ विरुद्ध १३.०. बारा-चौदा टक्क्यांचा फरक. पंपावरच्या अर्ध्या लिटरची चूक धरली तरी हा फरक पुसला जात नव्हता. काकांच्या तीन दिवसांत बुधवारचा पाऊस होता हे खरं. पण ठाण्याच्या फेरीला ते कारण लागू नव्हतं.

भावजी म्हणाले, "झालं तर मग." आणि शोरूमला फोन लावायला गॅलरीत गेले.

मी वही चाळत बसले. २५.१ आणि २६.४ हे दोन आकडे तेव्हा पुन्हा दिसले. गुरुवारी भाच्याच्या गाडीत पुन्हा २६.४, शुक्रवारी काकांच्या गाडीत पुन्हा २५.१. रस्ता तोच, वळणं तीच, फाटक तेच. शॉर्टकट नव्हता. दोन मीटर एकाच अंतराला दोन आकडे देत होते.

खाली गेले. मोबाइलचा टॉर्च लावून जुन्या गाडीच्या टायरची कड वाचली. २३५/७५ आर १५. नव्या गाडीची: २१५/७५ आर १५. काकांना विचारलं. "हां, मोठे टाकलेत. दोन वर्षं झाली. खड्ड्यांत बरे पडतात."

मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. एका फेरीचं अंतर त्याला कंपनीने पढवलेलं असतं. २१५ च्या टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, २३५ चा ७३३. मोठं चाक एका फेरीत चार टक्के जास्त रस्ता कापतं आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. काका दोन वर्षं फुकट किलोमीटर चालत होते.

पुन्हा गॅलरीत गेले. "भावजी, फोन ठेवा. उद्या मला एक्स्प्रेसवेला जायचंय."

रविवार

दोन्ही मीटर एकमेकांशी जुळत नाहीत एवढं कळलं, पण बरोबर कोण हे त्यातून कळत नाही. खऱ्या किलोमीटरसाठी सरकारने रोवलेल्या पाट्या हव्यात. खोपोलीला एका हॉटेलचा माल होता, नव्या गाडीतून गेलो. कळंबोली सोडल्यावर डाव्या लेनमध्ये भाचा, एकसारखा साठचा वेग, आणि मी ट्रिप मीटरवर डोळा लावून. दहाच्या पाटीला शून्य केला. पंधराच्या पाटीला शिंक आली, तरी डोळा हलवला नाही. तिसाच्या पाटीला २०.२. येताना तीस ते दहा, पुन्हा २०.२.

म्हणजे नवी गाडी टक्काभर जास्त दाखवते. चोवीस हजार किलोमीटर झालेत, टायर झिजून थोडा लहान झाला आहे. मग तिच्या २६.४ चे खरे २६.१. आणि काकांच्या २५.१ चेही खरे तेवढेच, कारण रस्ता एकच. काकांच्या किलोमीटरना चार टक्के वाढवायचं, भाच्याच्या एक टक्का कमी करायचं.

पनवेलच्या अलीकडे मांडीवर वही ठेवून पुन्हा भागाकार केले. गिरगाव: जुनी १०.१, नवी १०.७. ठाणे: जुनी १२.०, नवी १२.९. फरक निम्मा झाला. बारा-चौदा टक्के होते ते सहा-आठ राहिले, आणि गिरगावच्या सहातला काही वाटा हिंदमाताच्या पाण्याचा.

भाचा म्हणाला, "म्हणजे माझं एक टक्का तू कापलंस आणि त्यांना चार दिलेस."

"मी नाही, टायरने."

भावजींसाठी मात्र मी लिटरला किलोमीटर हे मापच सोडलं. त्या मापात दहाचे अकरा होणं आणि चौदाचे पंधरा होणं सारखंच वाटतं. पण शंभर किलोमीटरमागे पहिल्यात ९१० मिलिलिटर वाचतात आणि दुसऱ्यात ४७५ च्या आसपास. पैशाचा हिशेब शंभर किलोमीटरला किती लिटर, असा मांडावा. सहा दिवसांचं सगळं एकत्र केलं: जुनीला शंभराला ९ लिटर, नवीला ८.४. फरक सहाशे मिलिलिटरचा, ५४ रुपयांचा. महिन्याला दोन हजार किलोमीटर धरले तर १,०८० रुपये. नव्या गाडीचा हप्ता कितीचा येणार ते भावजींना पाठ होतं. त्यांनी वही माझ्याकडून घेतली, उलटीसुलटी पाहिली, आणि म्हणाले, "पण वहिनी, मेंटेनन्स?"

त्याची वही वेगळी आहे, ती अजून काढलेली नाही.

काकांना संध्याकाळी सांगितलं की तुमची गाडी मीटरपेक्षा जास्त चालते. ते ऐकून घेत होते, बोनेट पुसत होते. आनंद झाला की नाही कळलं नाही. चावीचा विषय मी काढला नाही. एक जुनी डायरी दिली, दोन रकाने आखून, किलोमीटर आणि लिटर. ती त्यांनी गणपतीच्या फोटोमागे खोचली.

मंगळवारी रात्री पावणेनऊला फोन वाजला. मागे पंपाचा आवाज येत होता.

"वहिनी, याने मी नको म्हणताना दुसऱ्यांदा दाबलं. २१.१० ला पहिला कट झाला, आता २१.८५ झालंय. कुठला आकडा लिहू?"